काजळीची पिल्लं

जयवंताला राग आला की तो आधी भांड्यांना कळायचा आणि मग शेजाऱ्यांना. गोधनीकडच्या त्या ले-आउटमधे अजून निम्मे प्लॉट रिकामे, त्यामुळे आवाज लांबवर जायचा. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या सुभद्राकाकूंना तर तिच्या रागाची बाराखडी पाठ झाली होती. पातेली आदळली तर राग पोरीवर, ताटं आदळली तर पाण्याच्या टँकरवाल्यावर. आणि कढई आपटली की काकू आपल्या घरात हळूच म्हणायच्या, "मधुकररावचं काही खरं नाही आज."

पण तो राग यायचा तसा उतरायचाही. भांडी पालथी होईस्तोवर अर्धा, आणि संध्याकाळचा चहा होईस्तोवर उरलेला. मधुकरराव पस्तीस वर्षं एका कारखान्यात फिटर होते. मशीन गरम झालं की थंड होऊ द्यायचं, मधे हात घालायचा नाही, हे ते नोकरीत शिकले आणि संसारातही तेच चालवलं. निभावून गेलं.

या हिवाळ्यात मात्र जयवंताला असा राग आला की त्याचा आवाजच झाला नाही. भांडी मुक्यानं घासली जायची, मुक्यानं फळीवर जायची. चार दिवस असे गेल्यावर काकूंना राहवेना. त्यांनी भिंतीवरून डोकं काढलं.

"जयवंते, तब्येत बरी आहे नं वं?"

"मले काय धाड भरली?"

"मंग कढई काहून नाही वाजून राहिली?"

जयवंतानं हातातली राख झटकली. "काही काही गोष्टी कढईच्या वरच्या असतात, काकू," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

गोष्ट एका कोंबडीची होती. पण नुसतं कोंबडी म्हटलं तर जयवंता अंगावर येई. मधुकरराव तसंच म्हणाले होते, आणि तिथंच सगळं चिघळलं होतं.

जयवंता पारशिवनीकडची. लग्न होऊन निघाली तेव्हा आईनं गाडीत भांडी चढवली, गादी चढवली आणि शेवटी एक झाकलेलं टोपलं तिच्या मांडीवर ठेवलं. आत काळ्या पायांची, काळ्या चोचीची, अंगावर मातकट ठिपके असलेली एक तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी. "हिचं वाण सोडू नको," एवढंच आई म्हणाली. त्यानंतर नागपुरात भाड्याच्या खोल्या बदलल्या, घरमालक बदलले, दीप्ती झाली, तिची शाळा झाली, शेवटी इकडे प्लॉट घेऊन स्वतःचं घर झालं. या सगळ्यात जयवंताच्या मागं ते वाण चालत आलं. आईची लेक, तिची लेक, मग तिची. पायांचा काळा रंग कधी फिका पडला नाही. मधल्या काळात आई गेली, घर भावांचं झालं. बोलावणं येणं कमी झालं. माहेरचं म्हणून जयवंताजवळ एवढंच उरलं होतं. तेही भिंतीवर टांगलेलं नव्हतं, अंगणात चालत-फिरत होतं.

मागच्या उन्हाळ्यात मानमोडीची साथ आली. सकाळी दाणे टिपणारी कोंबडी दुपारी मान वाकडी करून पडायची. जयवंताच्या घरची सगळी गेली, फक्त एक कोंबडा आणि त्या वाणातली शेवटची काळ्या पायांची कोंबडी, काजळी, वाचली. खुराडं रिकामं वाटू नये म्हणून तिनं बाजारातून तीन तांबड्या कोंबड्या आणल्या. त्या अंडी भरपूर द्यायच्या, पण बसायची बुद्धी नाही. अंडं टाकायचं आणि मागं वळूनही पाहायचं नाही. जयवंता त्यांना 'नोकरीवाल्या' म्हणायची.

काजळी दिवाळीनंतर खुडूक झाली, अंड्यांवर बसायला आली. जयवंतानं आईच्या रीतीनं अंडी बसवली. जोडीनं मोजून ठेवायची नाहीत, एक सुटं ठेवायचं. प्रत्येकावर कोळशाची रेघ ओढायची, म्हणजे मागून टाकलेलं अंडं त्यात मिसळत नाही. काजळी एकवीस दिवस अशी बसली की दाण्यालाही घाईघाईनं उतरायची. अकरा पिल्लं निघाली. त्यातल्या सहांचे पाय काळे होते. ते पाय पाहून जयवंतानं पोरीला फोन केला होता. दीप्तीला नववा सरत आला होता, ती म्हणाली, "आई, तुझं पहिलं नातवंड कोंबडीनंच दिलं मंग."

आठवडाही झाला नाही तर दीप्तीला कळा सुरू झाल्या. तिला धंतोलीत एका दवाखान्यात ठेवलं होतं. जयवंता पिशवी भरून निघाली तेव्हा तिनं नवऱ्याला अंगणात उभं करून सांगितलं, "कणी टाका, पाणी बदला. डाल्याखाली हात घालू नका. बाकी ते पाहते आपलं."

"मले काय कळत नाही का?" मधुकरराव म्हणाले.

पोरगा झाला. दोन रात्री दवाखान्याच्या बाकावर काढून, तिथल्या कँटीनचे थंड पोहे खाऊन जयवंता रविवारी संध्याकाळी घरी परतली. ती फाटकातून आत आली तोच सावजी मसाल्याचा वास आला. खसखस, खोबरं, काळा मसाला. मधुकररावांचा हात स्वयंपाकात बरा होता, पण तो फक्त पाहुणे आले की चालायचा. त्यांचे जुने फोरमन वामनराव दुपारी येऊन जेवून गेले होते.

"बस, बस, थकली असशीन," म्हणत मधुकररावांनी स्वतः ताट वाढलं. गरम भात, लाल तर्रीचा रस्सा, वर लिंबू. "तुह्यासाठी लेगपीस ठेवला मुद्दाम."

कोणी वाढून द्यावं आणि आपण बसून खावं, असं जयवंताच्या वाट्याला किती वेळा आलं होतं? तिला भरून आलं. पहिला घास घेतला, दुसरा घेतला. "मस्त झालं जी," ती म्हणाली.

मग तिला अंगणातली पिल्लं ऐकू आली. त्या आवाजात भूक नव्हती. पिल्लू हरवलं की ते उंच, लांब सुरात रडतं. ही सगळीच हरवल्यासारखी ओरडत होती.

"पिल्लं काहून ओरडून राहिली?"

"थंडी वाजत असन."

"थंडी? काजळीखाली थंडी?"

मधुकरराव हात धुवायला उठले आणि नळाशीच उभे राहिले. नळ वाहत राहिला. जयवंतानं ताटाकडे पाहिलं. मग ती उठली, उष्ट्या हातानं अंगणात गेली आणि पिल्लांवर पालथं घातलेलं डालं उचललं.

पिल्लं होती. एकमेकांच्या अंगाखाली शिरायला पाहत होती. ज्याच्या अंगाखाली शिरावं असं त्यांच्यात कोणी नव्हतं.

"साहेबाले बायलर चालत नाही," मागून मधुकरराव म्हणाले. "गावरान पाहिजे म्हणे. मी त्या तिघींच्या मागं लागलो होतो वं, बाप्पा शपथ. त्या प्लॉटात पळाल्या, काट्यात घुसल्या, कोंबडा भिंतीवर चढला. साहेब उभे दारात. हे तं... हे तं जागची हललीच नाही."

त्यांच्या मनगटावर चोचीच्या ताज्या खुणा होत्या. जयवंतानं त्या पाहिल्या. पंख पसरून, पिल्लं पोटाखाली घेऊन, येणाऱ्या हाताला टोचत काजळी शेवटपर्यंत बसून राहिली होती. जिनं पळायचं नाही ठरवलं, तीच हाताला लागली.

"कोंबडीच होती नं," मधुकरराव म्हणाले. "उद्या दुसरी आणतो."

जयवंता मोरीत गेली. पोटात गेलेले दोन घास बाहेर येईपर्यंत ओकली. पण 'मस्त झालं जी' हे काही बाहेर येईना. ते तिच्या तोंडात तसंच बसलं. त्या क्षणापासून ती नवऱ्याशी बोलली नाही.

पिल्लं मात्र जगवायची होती. या अकरांमधेच आता काय ते वाण होतं. त्या नोकरीवाल्यांपैकी कोणी त्यांना पंखाखाली घेणार नव्हती. जयवंतानं कुलरच्या खोक्याचा लांब पुठ्ठा काढला, त्याचा गोल घेरा केला, खाली तूस अंथरलं आणि तो समोरच्या खोलीत, टीव्हीच्या बरोबर पुढ्यात मांडला. घरात जागा दुसरीकडेही होती, तरी तिनं तीच निवडली.

वर बल्ब हवा होता. मधुकरराव न सांगता दुकानात गेले आणि बल्ब आणून लावला. पांढराशुभ्र एलईडी. खोली लखलखली. पिल्लांनी डोळे मिटले आणि थरथरत राहिली. त्या बल्बला हात लावला तरी गरम लागत नव्हता. जयवंतानं तो काढला, नवऱ्याच्या उघड्या वर्तमानपत्रावर आणून ठेवला, आणि काकूंच्या माळ्यावरून जुना पिवळा शंभराचा बल्ब मागून आणला. त्याच्याखाली पिल्लं हळूहळू पसरली, पाय लांब करून झोपली.

मग तो घेरा म्हणजे जयवंताचं बोलण्याचं ठिकाण झालं. ती पिल्लांशी बोलायची, आणि ज्याला ऐकायचं त्यानं ऐकायचं.

"ए पोट्टेहो, चहा झाला म्हणावं. ज्याले प्यायचा त्यानं घ्यावा."

"ए पोट्टेहो, लाइटचं बिल भरायची तारीख निघून चालली म्हणावं."

"टीव्ही नको रे बाप्पा, माही लेकरं झोपली आहेत. क्रिकेट पाहायचं असन त्यानं आपल्या साहेबाच्या घरी जावं."

मधुकरराव पुठ्ठ्याच्या पलीकडे बसून चहा प्यायचे. कधी म्हणायचे, "अवं, किती दिवस?" जयवंता पिल्लांची भांडी बदलायची. तिला एक वाक्य ऐकायचं होतं. चुकलं माझं. दोन शब्द, जीभ झिजायची नाही. पण मधुकररावांकडून ते येत नव्हतं. त्यांच्याकडून वस्तू यायच्या. आधी बल्ब आला. मग एके दिवशी लोखंडी अँगल, जाळी आणि हिरव्या ऑइलपेंटचा डबा आला. अंगणात वेल्डिंगच्या ठिणग्या उडू लागल्या.

नवं खुराडं झालं मात्र देखणं. माणूस वाकून आत शिरू शकेल एवढं उंच, पत्र्याचं छप्पर, सरकती कडी, बसायला आडवा पाइप. प्रत्येक कोपरा गुण्या लावून काटकोनात. येणाऱ्या-जाणाऱ्याला मधुकरराव कोपरे दाखवायचे. "सुतभर फरक नाही सापडणार." जयवंतानं एकदाही त्याकडे मान वळवली नाही. पण ते सगळं तिनं पाहून ठेवलं होतं, आणि मनात म्हणाली होती की पिल्लं न्यायच्या आधी या कोपऱ्यांचं काहीतरी करावं लागेल. ते बोलून दाखवायला मात्र तोंड उघडावं लागलं असतं, आणि तोंड तर तिनं बंद केलेलं होतं.

पिल्लांच्या अंगावरची लव जाऊन पिसं भरत आली होती. घेऱ्यातून उड्या मारून ती सोफ्यावर हगू लागली. आठवड्याभरात हलवू, आधी दिवसा नेऊ, संध्याकाळी परत आणू, असा जयवंताचा विचार चालला होता. तेवढ्यात दीप्तीच्या पोराचं बारसं आलं. जयवंता गेली आणि लेकीच्या आग्रहानं एक रात्र राहिली.

सकाळी परत आली तर समोरची खोली फिनाइलनं पुसलेली. पुठ्ठा घडी घालून दाराआड. टीव्ही चालू. मधुकरराव सोफ्यावर, चेहऱ्यावर हसू.

"केलं शिफ्ट," ते म्हणाले. "तुले त्रास नको म्हटलं. काल दुपारी काय ऊन होतं, मस्त! सगळे असे खेळले आत..."

जयवंता पिशवी हातात घेऊनच खुराड्याकडे गेली. पिल्लं कोवळ्या उन्हात पंख ताणत होती. तिनं जाळीतून मोजली, पुन्हा मोजली. मग वाकून आत शिरली आणि मागच्या कोपऱ्यात हात घातला. दोन पिल्लं होती. चपटी झालेली, गार. त्यातल्या एकाचे पाय काळे.

काय झालं ते तिला कोणी सांगायची गरज नव्हती. पुठ्ठ्याच्या गोलाला कोपरा नव्हता. इथं अंधार पडला, बल्ब नाही, माय नाही, गारठा वाढला. ऊब शोधत सगळी त्या सुंदर काटकोनात शिरली, एकावर एक. खालची दोन वरच्यांच्या वजनानं घुसमटली.

पिल्लं ओंजळीत घेऊन ती बाहेर आली आणि मधुकररावांच्या पुढ्यात उभी राहिली. त्यांचं हसू गेलं.

"मी... काल संध्याकाळी तं सगळी एका जागी शांत बसली होती वं. मले वाटलं, झोपली."

ती घराबाहेर पाऊल टाकते आणि मागं या घरात मरण येतं. दोन्ही वेळा माणूस तोच, आणि दोन्ही वेळा म्हणे पाहुण्यासाठी किंवा बायकोसाठी, कोणाच्या तरी भल्यासाठीच. जयवंताच्या कानशिलात घण बसल्यासारखं झालं. तिनं पिल्लं आंब्याच्या रोपाखाली पुरली. मग आतून एक पाट आणला, आपली जुनी शाल आणली, आणि दोन्ही खुराड्यात नेऊन ठेवलं. दार उघडं धरून ती उरलेल्या नऊ पिल्लांना म्हणाली,

"ऐका रे पोट्टेहो. ज्यानं तुमची माय खाल्ली, आता त्यानंच माय व्हावं."

मधुकरराव हसायला गेले, पण अर्ध्यात थांबले. तिचा हात दारावरून हलला नव्हता.

"अवं, लोक हासतीन."

जयवंतानं भिंतीकडे तोंड केलं. काकू होत्याच तिथं. "काकू, एखाद्याले सांगा, लोकायनं हासावं म्हणूनच आहे ते."

त्या संध्याकाळी मधुकरराव वाकून आत शिरले आणि पाटावर बसले.

शिरले खरे, पण पिल्लंच आत नव्हती. दिवस कलला तशी ती खुराड्यातून निघून ओळीनं समोरच्या खोलीच्या उंबऱ्यावर जमली, जिथं कालपरवापर्यंत बल्ब होता त्या रिकाम्या जागेकडे तोंड करून. माय असती तर एका हाकेत घेऊन गेली असती. मधुकररावांनी बाहेर येऊन एकेक पिल्लू धरलं, टोपल्यात घातलं, आत नेलं. तोवर आधीची बाहेर. जयवंता ओट्यावर गहू निवडत बसली होती. तिनं मदत केली नाही. फक्त दुपारीच खुराड्याच्या चारही कोपऱ्यांत तुसानं भरलेल्या गोण्या कोंबून त्यांचा काटकोन मोडून ठेवला होता, आणि पिवळा बल्ब टांगला होता. तेवढं तिनं पिल्लांसाठी केलं होतं.

मग हे रोजचं झालं. दिवस मावळला की मधुकरराव गुडघे धरत आत जायचे, शाल पांघरून बसायचे. पिल्लं शालीखाली शिरायची, बाहीतून काखेपर्यंत जायची. झोपेपर्यंत उठायची सोय नव्हती. त्या अवघडलेल्या बैठकीत एकदा त्यांचा हात आडव्या पाइपवर पडला आणि त्यांनी तो झटकन मागं घेतला. बर्फासारखा गार, आणि गुळगुळीत. दुसऱ्या दिवशी ते सुतळीचं बंडल घेऊन बसले आणि पूर्ण पाइप गुंडाळून काढला. त्यावर एकेक पिल्लू उचलून बसवायचे, ते खाली उडी मारायचं, ते पुन्हा बसवायचे.

काकूंनी भिंतीवरून पाहिलं आणि त्यांना हसू आवरेना. "जयवंते, पाह्य वं! तुहा नवरा खुडूक बसला!"

जयवंताच्या ओठापर्यंत हसू आलं होतं. तिनं ते गिळलं. "अंडं दिलं तर सांगजा," ती म्हणाली.

महिना सरला. पिल्लं पिल्लं राहिली नाहीत, गळा फुटू लागलेले कोंबडे आणि अंग धरलेल्या तलंगा झाली. आणि एक असं झालं की जयवंताचा राग, जो आता जरा मऊ पडायला हरकत नव्हती, तो उलटा वाढला. मधुकररावांना सकाळचा खोकला होता. कोंबडी जशी घशातून कुक-कुक करून पिल्लांना बोलावते, तसा तो खोकला आला की सगळी नऊच्या नऊ जिथं असतील तिथून धावत यायची. ते फाटकापर्यंत गेले की ही मागं. ते पेपर वाचायला बसले की ही पायाशी. जयवंतानं कणी टाकली तर खायची, आणि चोच पुसून परत त्यांच्याकडे.

बल्ब तिनं आणला, तूस तिनं बदललं, रात्री उठून पाणी कोमट तिनं केलं. आणि माय झाला तो! ज्यानं खाल्लं तोच! "मेले बेइमान," ती म्हणायची, आणि ते कोणाला म्हणते आहे हे तिलाही नीट ठाऊक नसायचं. शिक्षा म्हणून त्याला आत बसवलं होतं. तो तर आता स्वतःहून, न सांगता, पाच मिनिटं आधीच जाऊन बसायचा.

आणि अशातच एका रविवारी फाटकाशी स्कूटर थांबली. वामनराव.

"काय म्हणते मधुकर? अरे वा वा!" त्यांनी अंगणात पाय ठेवताच हात चोळले. "गावरान तं तयार दिसून राहिली बे! मागच्या वेळची चव अजून जिभेवर आहे."

जयवंता स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती. तिच्या हातात कढई होती. ती हलली नाही. आता पाहायचं होतं.

मधुकररावांना खोकला आला. भीतीनं आला की काय कोण जाणे. सगळी धावत आली आणि त्यांच्या पायांभोवती गोळा झाली. काळ्या पायांची एक तलंग तर टुणकन खांद्यावर चढून बसली.

"साहेब," मधुकरराव म्हणाले, "हे... यांची तब्येत बरी नाही. औषध चालू आहे. खाता येत नाही."

खिडकीत जयवंतानं कपाळाला हात लावला. नऊच्या नऊ धडधाकट उभी, आणि म्हणे औषध चालू आहे! पस्तीस वर्षं ज्याच्या हाताखाली काम केलं त्याला 'देत नाही' म्हणायची या माणसाची अजून छाती नव्हती. पण दिली नाही, हेही खरं होतं. तिला कशाचा जास्त राग यावा तेच ठरवता येईना, म्हणून तिनं तो सगळा रश्श्यात घातला.

तिनं पातोडीचा रस्सा केला. बेसनाच्या वड्या, वर काळा मसाला, आणि मिरची अशी की स्वयंपाकघरात तिचेच डोळे वाहायला लागले. वामनरावांनी पहिल्या घासाला पाणी मागितलं, दुसऱ्याला रुमाल काढला.

"घ्या नं भाऊजी, अजून घ्या," जयवंता वाढत राहिली.

"झालं मस्त, वहिनी," नाक पुसत वामनराव म्हणाले. "पण ते मागच्या वेळची गोष्ट न्यारीच होती."

जयवंतानं वाढणं थांबवलं. पळी तशीच हातात.

"न्यारीच असन भाऊजी. माय होती नं ते."

"म्हणजे?"

"पिल्लांवरची होती. अकरा लेकरं पोटाखाली घेऊन बसली होती. डाल्याखालून ओढून काढली तिले, तुम्ही दारात उभे होते तवा. बाकीच्या पळाल्या, हे पळाली नाही. मी दवाखान्यातून आली अन् मले बी वाढली. मी बी खाल्ली. दोन घास. वरून मस्त झालं म्हणली."

वामनरावांचा घास हातात होता. तो त्यांना ताटात ठेवता येईना आणि तोंडात घालता येईना. "मधुकर, तू बोलला नाही बे मले," शेवटी ते म्हणाले. वामनरावांनी हात धुतला, काम आठवलं म्हणाले, आणि स्कूटर सुरू व्हायला दोन-तीन किका लागल्या तेवढाच काय तो त्यांचा मुक्काम लांबला.

दिवस कलला. मधुकरराव नेहमीप्रमाणे खुराड्यात जाऊन बसले. आता त्यांनी बसायची गरज नव्हती. पोट्टे आपापले पाइपवर चढून ओळीनं बसत होते. फक्त ती काळ्या पायांची तलंग अजून खांद्यावर होती.

"चल काजळे," ते तिला हळूच म्हणाले, "उतर आता."

"तिले काजळी म्हणू नका!"

जयवंता जाळीबाहेर उभी होती. ती कधी आली ते त्यांना कळलं नव्हतं. ती सरळ त्यांच्याकडे पाहत होती.

"काजळी तुम्ही खाल्ली. काजळी संपली. तिचं नाव हिले लावून ते मागचं पुसलं जाईन असं वाटते का तुम्हाले?"

मधुकररावांनी मनगटावरून अंगठा फिरवला. तिथं आता एक बारीक पांढरा व्रण होता.

"ते हललीच नाही," ते म्हणाले. "तवाच मी थांबाले पाहिजे होतं. हात आत होता माहा. खाली पिल्लं गरम लागून राहिली होती हाताले. मले कळत होतं वं. तरी ओढली."

'चुकलं' हा शब्द त्यात नव्हताच. जयवंतानं वाट पाहिली. तो आला नाही. पण त्याहून वाईट, त्याहून खरं असं काहीतरी आलं होतं, आणि ते ऐकून तिचा राग कमी झाला नाही. तो फक्त इतके दिवस जिथं अडकून बसला होता तिथून सुटला आणि वाहायला लागला.

"कळत होतं तर काहून ओढली? साहेब काय गिळून टाकत होता तुम्हाले? डाळभात काय मेला होता घरात? अन् वरून मले लेगपीस! मले! अन् आज म्हणे औषध चालू आहे! एवढं धड बोलता येत नाही का, आमच्या घरचं आहे, देत नाही म्हणून?"

ती बोलत राहिली. दोन महिन्यांचं सगळं बोलली. बल्बाचं, कोपऱ्यांचं, पुरलेल्या दोन पिल्लांचं. मधुकरराव पाटावर बसून ऐकत होते. तलंग त्यांच्या खांद्यावर मान आखडून झोपायला लागली होती.

"अन् उतरवा तिले," शेवटी दम लागून जयवंता म्हणाली. "सवय लागन. जन्मभर खांद्यावर घेऊन फिरणार आहे का? दांडीवर बसवा, सगळ्यायच्या मधात. अन् या बाहेर, गुडघे आखडतीन."

ती पाय आपटत घरात गेली.

थोड्या वेळानं भिंतीपलीकडे सुभद्राकाकू देवापाशी दिवा लावत होत्या, तेव्हा शेजारच्या मोरीतून आवाज आला. कढई. अशी आपटली की काकूंच्या दिव्याची वात हलली. त्या थांबल्या, कान देऊन राहिल्या. परत एकदा, पहिल्याहून जोरात.

"आली वं बाई," काकू म्हणाल्या, आणि काडी विझवली.